राजीनामा द्या, मग नवा करार घ्या

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय एकतीस. बेळगावजवळच्या एका खेड्यातून रोज उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत कामाला येतात. एका मशीन शॉपमध्ये सीएनसी (संगणकावर चालणारं) यंत्र चालवतात. जून २०२३ पासून अकरा-अकरा महिन्यांचे तीन करार झाले. तिसरा या ३० एप्रिलला संपतो. दर मे महिन्यात कागदावर ‘ब्रेक’ असतो, पण काम चालूच राहतं. त्या महिन्याची हजेरी वेगळ्या वहीत, पगार रोख, पी.एफ. कापत नाहीत. यंदा ऑफिसातून सांगण्यात आलंय की आधी राजीनामा द्या, ‘सगळा हिशोब मिळाला’ या कागदावर सही करा, मग जूनपासून घेऊ. मात्र कंपनीच्या नव्हे, ठेकेदाराच्या नावावर. कागद इंग्रजीत आहेत, समजावून सांगतात कन्नडमध्ये. सोबतचे म्हणतात, ‘सही करून टाक की, दरवर्षी तेच असतंय.’ कागलच्या एमआयडीसीत काम करणारा मावसभाऊ म्हणतो, थेट औद्योगिक न्यायालयात तक्रार टाक. घरी आई, पत्नी, तीन वर्षांची मुलगी आणि पतसंस्थेचं कर्ज. ते विचारतात: तीन वर्षं झाली, आता मला कायम करायलाच हवं ना? सही नाही केली तर काढतील का? आणि मी मराठी आहे म्हणून तर हे चाललेलं नाही ना?

---

ताई म्हणून लिहिलंत. मग आधी एक कबुली देते. ‘सही करू नका’ असं इथे बसून लिहायला माझं काय जातं? पतसंस्थेचा माणूस माझ्या दारात येणार नाही. त्यामुळे पुढे जे लिहिते ते ३० एप्रिलला टेबलासमोर तुम्ही उभे असणार, मी नाही, हे लक्षात ठेवूनच लिहिते.

तुमचा पहिला प्रश्न कायम होण्याचा. याचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. मुदतीचा करार मुदतीला संपला आणि मालकाने तो पुन्हा केला नाही, तर तेवढ्यावरून कायदा त्याला ‘कामावरून काढलं’ म्हणत नाही. औद्योगिक विवाद कायद्यात ही तरतूद १९८४ पासून होती, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. तीन करार झाले म्हणून चौथा मिळालाच पाहिजे, किंवा तीन वर्षं झाली म्हणून माणूस आपोआप कायम झाला, असं कुठेही लिहिलेलं नाही. कारखान्याच्या गेटवर ‘२४० दिवस भरले की पर्मनंट’ असं जे सांगितलं जातं, तेही अर्धंच खरं आहे. २४० दिवसांना अर्थ आहे, पण तो वेगळा. त्याकडे येतेच.

पण तुम्ही विचारलेल्या प्रश्नाच्या मागे एक गृहीत दडलंय, आणि मला खरी अडचण तिथे दिसते. तुम्ही असं धरून चालला आहात की कायम झालो तर हक्क, नाहीतर काहीच नाही. त्यामुळे सगळं लक्ष नव्या करारावर. तो मिळावा म्हणून जुन्या तीन वर्षांच्या कागदावर डोळे मिटून सही करायची तयारी आहे. नवा करार देणं न देणं मालकाच्या हातात आहे, मान्य. मागच्या तीन वर्षांत तुम्ही कमावलेलं मात्र त्याच्या हातातलं नाही. ते राजीनाम्याच्या कागदावर तुम्हीच त्याच्या हातात देणार आहात.

कसं, ते पाहा. ग्रॅच्युइटीला, म्हणजे नोकरी संपताना मालकाने सेवेबद्दल द्यायच्या रकमेला, पाच वर्षं लागतात, हे सगळ्यांना पाठ आहे. राजीनामा दिला तर आजही लागतात. पण नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत मुदतीच्या करारावरच्या माणसाला सूट आहे: कराराची मुदत संपल्यामुळे नोकरी संपली, तर पाच वर्षांची अट लागत नाही. एक वर्षाची सेवा झाली की सेवेच्या प्रमाणात ग्रॅच्युइटी द्यावी लागते. म्हणजे ३० एप्रिलला तुमची मुदत संपली तर एक गोष्ट, आणि २९ एप्रिलला तुम्ही राजीनामा दिला तर अगदी दुसरी. काम तेच, यंत्र तेच, फरक एका कागदाचा. आधीचे दोन्ही करार आपोआप संपले असताना यंदाच राजीनामा का मागतात, याचा तुम्ही विचार केलात का? ऑफिसातल्या माणसाला कदाचित हे ठाऊकही नसेल. त्याला वरून नमुना आला असेल आणि त्याने तो छापला असेल. पण ज्याने नमुना बनवला त्याला ठाऊक असणार.

तुम्ही म्हणाल, करार अकरा महिन्यांचा, मग वर्ष कुठे भरलं? इथे ते २४० दिवस कामाला येतात. सलग सेवेचं वर्ष मोजताना बारा महिन्यांत २४० दिवस काम झालं असेल तर ते वर्ष धरलं जातं. महिन्याला सव्वीस दिवस धरले तरी अकरा महिन्यांचे २८६ होतात. अकरा महिन्यांच्या करारात काहीच लागू होत नाही, ही उद्यमबागेतली जुनी समजूत आहे. घरभाड्याच्या करारावरून ती कारखान्यात आली असावी, असा माझा आपला अंदाज.

आता पैशांत बोलू. समजा तुमचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १३,००० रुपये आहे. त्याला १५ ने गुणून २६ ने भागायचं: वर्षाला ७,५०० रुपये. तीन वर्षं धरली तर २२,५००. (भत्ते फुगवून मूळ पगार अगदी लहान दाखवण्याची युक्तीही आता पूर्वीसारखी चालत नाही, वगळलेले भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग पगारातच धरतात.) रक्कम फार मोठी नाही, त्यासाठी नोकरी पणाला लावू का, असं तुम्हाला वाटेल. रास्त आहे. पण तुमच्या शॉपमध्ये असे करारावरचे किती जण आहेत ते मोजा, त्या आकड्याने गुणा, आणि मग हा राजीनामा नेमका कोणाच्या सोयीचा आहे ते बघा.

तिन्ही वर्षं धरली जातील का, यावर खरा वाद होईल. मालकाचा वकील म्हणेल, आधीचे दोन करार नव्या संहितेच्या आधीच संपले, त्यांचा विषयच नाही. तुमचा वकील म्हणेल, मे महिन्यातही हा माणूस त्याच यंत्रावर उभा होता, मग सेवेचे तुकडे झाले कुठे? ब्रेक खोटा होता हे दाखवता आलं तर गोष्ट ग्रॅच्युइटीपुरती राहत नाही. कामगाराला वर्षानुवर्षं तात्पुरतं म्हणून ठेवायचं आणि कायम कामगाराचे फायदे मिळू द्यायचे नाहीत, या हेतूने केलेली नेमणूक ही जुन्या कायद्यातही अनुचित कामगार प्रथा होती आणि नव्या संहितेच्या यादीतही आहे. हेतू सिद्ध करणं सोपं नाही. पण ज्या महिन्यात माणूस कामावर नव्हता असं कंपनी म्हणते, त्याच महिन्यात त्याने किती नग काढले हे दाखवता आलं, तर बरंच सोपं होतं.

म्हणूनच पत्रातलं एक वाक्य मला टोचलं. तुम्ही लिहिलंय, ‘मे महिन्यात पी.एफ. कापत नाहीत, त्यामुळे हातात जरा जास्त येतात.’ भाऊ, त्या जास्तीच्या पैशांचा हिशोब पुन्हा मांडा. कापला न गेलेला तुमचा वाटा हातात आला, पण मालकाने घालायचा वाटा त्याच्याकडेच राहिला. आणि देव न करो, मे महिन्यात बोट यंत्रात गेलं असतं तर? त्या दिवशी तुम्ही कंपनीत होता हेच कागदावर नाही. कामगार विम्याच्या (ई.एस.आय.च्या) दवाखान्यात काय सांगणार होता? मी वडगावात यंत्रमागांच्या खडखडाटात वाढले. आमच्याकडे करार नव्हता, मालकाकडून घेतलेली उचल होती, आणि सगळा हिशोब मालकाच्या वहीत. आमच्या घरातल्या बायकांना ती वही कधी उघडून बघावीशी वाटली नाही, कारण मालक ‘चांगला’ होता. असेलही. वहीतला आकडा मात्र तोच लिहायचा.

तर पुरावा. डोकं थंड ठेवून, भांडणाची भाषा न करता, एप्रिलच्या आत एवढं जमवा: तिन्ही करारांच्या प्रती किंवा फोनवर काढलेले फोटो, पगाराच्या स्लिपा, बँकेचं पासबुक, पी.एफ.चं पासबुक (उमंग ॲपवर दिसतं, नोकरी सोडल्याची तारीख दरवर्षी काय टाकली आहे तेही बघा), आणि मे महिन्याचं जे काही सापडेल ते. सुपरवायझरने शिफ्टसाठी पाठवलेले व्हॉट्सॲपवरचे निरोप, तुमच्या नावाचे जॉब कार्ड (यंत्रावर केलेल्या कामाची नोंद), गेटवरची नोंद. कंपनीची ड्रॉइंगं किंवा गिऱ्हाईकाची कागदपत्रं यांना हात लावू नका. चोरीचा आळ आला तर मूळ गोष्ट बाजूला राहते. आणि प्रत्येक ब्रेकला पी.एफ. काढून घेण्याची सवय असेल तर ती आता सोडा. पेन्शनसाठी दहा वर्षांच्या सेवेची नोंद लागते. दर वेळी सगळं काढलं की ती मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

आता ठेकेदार. पत्रात तुम्ही हे शेवटी, जाता जाता लिहिलंत, पण माझ्या मते सगळ्यात जड गोष्ट हीच आहे. कंपनीशी थेट लेखी करार असेल तोवर त्याच कामावरच्या कायम माणसाइतका पगार, तेवढेच कामाचे तास, त्याच सवलती मागण्याचा आधार तुमच्याकडे आहे. मुदतीच्या नोकरीची व्याख्याच तशी केलेली आहे. ठेकेदाराच्या नावावर गेलात की तुमचा मालक बदलतो. सीएनसी चालवणं हे मशीन शॉपचं मूळ काम, आणि मूळ कामाला ठेकेदाराची माणसं लावण्यावर आणखी एका नव्या संहितेत बंधन आहे, हे खरं. पण त्याला अपवाद बरेच आहेत, आणि पन्नासपेक्षा कमी माणसं पुरवणाऱ्या ठेकेदाराला तो भाग लागूच होत नाही. म्हणून त्या बंधनावर विसंबून सही करू नका. चौथा करार थेट कंपनीशी, कमी मुदतीचा मिळाला तरी तो ठेकेदाराच्या वर्षभराच्या कागदापेक्षा बरा, असं मला वाटतं. कुणी वेगळं सांगेल, पण मी असंच करीन.

सही नाही केली तर काढतील का? शक्य आहे. करार संपतोच आहे, त्यांना काढायचीही गरज नाही. पण नकाराचे प्रकार असतात. राजीनामा देत नाही म्हणून टेबलावर कागद आपटणं वेगळं, आणि ‘साहेब, माझी मुदत ३० तारखेला संपतेच आहे, मग राजीनामा कशाला?’ असं विचारणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला उत्तर देणं त्यांना अवघड जाईल, कारण त्याला सांगण्यासारखं उत्तर नाही. एकट्याने विचारू नका. त्याच तारखेला ज्यांचे करार संपतात असे चार जण मिळून जा. शिवाय तुमची खरी ताकद कायद्याच्या कलमात नाही, हातात आहे. प्रोग्रॅम बदलून सेटिंग स्वतः करणारा ऑपरेटर जून महिन्यात ऑर्डरी तुंबलेल्या असताना सहज मिळत नाही, हे साहेबाला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. तेव्हा हे बोलणं एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात करा, २९ तारखेला नव्हे. आणि तोवर मच्छे, होनगा इथल्या दोन-तीन शॉपमध्ये चौकशी करून ठेवा. दुसरी जागा खिशात असली की माणसाचा आवाज आपोआप सरळ निघतो.

अगदीच अडलं, घरची चूल त्यावर अवलंबून आहे आणि सही केल्याशिवाय गत्यंतर नाही असं झालं, तर? तर मी तुम्हाला भित्रा म्हणणार नाही. फक्त कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या स्टॅम्प पेपरवर सही नको, मागची तारीख नको, सहीखाली तुमच्या हाताने त्या दिवसाची तारीख हवी. ‘हिशोब मिळाला’ असं लिहिलेलं असेल तर किती रुपये, कशाकशाचे, ते मागा. जे मिळालं नाही त्यापुढे मराठीत ‘मिळाले नाही’ लिहा. आणि प्रत घेतल्याशिवाय उठू नका. देत नसतील तर फोटो काढा.

भाषेबद्दल. इंग्रजी कागद वाचता आला नाही म्हणून सही लागू होत नाही, असं कृपा करून समजू नका. सही केली म्हणजे समजून केली, असंच आधी धरलं जातं. कागद घरी न्यायला एक दिवस मागा, यात अपमान काही नाही. मराठी असल्यामुळे हे होतंय का, हा प्रश्न तुम्ही विचारलात, आणि आपल्या भागात तो मनात येतोच. आपण सगळे तो घेऊनच मोठे झालोय. पण शेजारच्या यंत्रावर जो हुक्केरीकडचा कन्नड पोरगा आहे, त्याला विचारा. तुम्हीच लिहिलंय की तोही अकरा महिन्यांच्या करारावर आहे आणि त्यालाही हाच राजीनामा दिलाय. कागद त्याला तुमच्यासमोर वाचायला सांगा. त्या चार जणांत तो हवा.

मावसभावाचं मन चांगलं आहे, सल्ला मात्र चुकीच्या राज्यातला. तो म्हणतो तशी तक्रार थेट न्यायालयात नेता येते ती महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने. कागलला तो चालतो, उद्यमबागेत नाही. तुम्ही राहता कुठे याला महत्त्व नाही, कारखाना कुठे आहे याला आहे. बेळगावहून रोज शिनोळीला जाणाऱ्यांनी हे उलट बाजूने लक्षात घ्यावं: घर कर्नाटकात असलं तरी शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणून तुमचं किमान वेतन आणि तुमचं कामगार कार्यालय महाराष्ट्राचं. निपाणीहून कागलला जाणाऱ्यांचंही तेच. तुमच्या बाबतीत मात्र वाट बेळगावच्या कामगार खात्यातून जाते: तिथे अर्ज, मग अधिकारी दोन्ही बाजूंना बोलावून समेटाचा प्रयत्न करतो, आणि जमलं नाही तर पुढे न्यायाधिकरण. जुन्या कायद्यात एकट्या कामगाराला यासाठी तीन वर्षं मिळायची, आता दोनच, तेव्हा ‘बघू पुढच्या वर्षी’ करू नका. ग्रॅच्युइटी तीस दिवसांत द्यावी लागते, उशीर झाला तर व्याजासकट.

वकिलाच्या फीची काळजी लिहिलीत. औद्योगिक कामगाराला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदत मिळते. १९८७ च्या कायद्यातच तसं आहे. स्त्रियांनाही तशीच. जिल्हा कायदेशीर सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा आधी १५१०० वर फोन करा. कुठल्याही पुढाऱ्याच्या चिठ्ठीची गरज नाही.

या निमित्ताने अशाच आणखी काही पत्रांना दोन-दोन ओळी. गरोदर असल्याचं कळलं तर करार पुढे करणार नाहीत म्हणून लपवणाऱ्या बहिणीला: मागच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम झालं असेल तर प्रसूती रजेचा लाभ लागू होतो, आणि करार मध्येच संपला तरी तो लाभ मुदतीपलीकडे चालू राहतो, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितलंय. लपवू नका, लेखी कळवा आणि पोहोच घ्या. सरकारी कार्यालयात कंत्राटावर असलेल्यांची गोष्ट वेगळी आहे. तिथे २००६ चा उमादेवी खटल्याचा निकाल, जो आपल्याच कर्नाटकातून गेलेला, कायम होण्याची वाट अडवून बसलाय. मात्र डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच बजावलंय की त्या निकालाची ढाल करून वर्षानुवर्षं राबवून घेता येणार नाही. त्यावर पुढे कधीतरी सविस्तर. आणि ज्यांना नव्या करारात अचानक ‘ट्रेनी’ किंवा ‘सुपरवायझर’ केलंय त्यांनी हुरळून जाऊ नये. कामगार म्हणून मिळणाऱ्या हक्कांतून बाहेर काढण्याचा तो सोपा रस्ता असतो. हुद्दा काय लिहिलाय यापेक्षा दिवसभर काम काय करता हे पाहिलं जातं, म्हणून कामाची नोंद ठेवा.

तुमच्यासाठी एक मसुदा करून ठेवलाय, एवढाच: ‘माझ्या कराराची मुदत ३० एप्रिल रोजी संपत आहे. मी राजीनामा दिलेला नाही आणि काम करण्यास तयार आहे. करार पुढे करणार असल्यास तो कंपनीशी थेट करावा. करणार नसल्यास मुदत संपल्याचं पत्र आणि ग्रॅच्युइटी, शिल्लक रजा, बोनस यांचा हिशोब द्यावा.’ खाली नाव, हजेरी क्रमांक, तारीख. शेजारच्या त्या पोराकडून याचं कन्नड करून घ्या, दोन्ही एकाच पानावर येतात. एक प्रत ऑफिसात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. शिक्का मारायला नको म्हणाले तर वाद न घालता बाहेर पडा आणि तेच पान पोहोच पावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा. पावतीचाही फोटो काढा. ती छपाई महिन्या-दोन महिन्यांत पुसट होते.